गाडी, आगगाडी की नाव? अनेक थांब्यांच्या सहलीची आखणी

मराठीत 'गाडी' हा शब्द फार कामाचा आहे आणि थोडा फसवाही. 'गाडी चुकली' म्हटले की ती रेल्वे असते. 'गाडी लावायला जागाच मिळेना' म्हटले की ती मोटार असते. सुट्टीचा बेत ठरताना घरात जो वाद होतो तो बहुधा याच दोन गाड्यांचा असतो. आजोबांना रेल्वेची खिडकी हवी असते, मुलांना मोटारीतली मोकळीक हवी असते. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणते, "काय ते एक ठरवा!"

'काय ते एक' ठरवायला गेलो की आखणी बिघडते. सहलीत एकच ठिकाण असेल तर वाहन एकच ठरवता येते. सहा ठिकाणे असतील तर सहा टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचे योग्य वाहन वेगळे असू शकते. म्हणून या पाठाचा नियम असा: आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहून काढा, मग थांब्यांचा क्रम लावा आणि वाहन सर्वांत शेवटी, टप्प्याटप्प्याने निवडा.

हा नियम आपण आधी एका दिवसाच्या लहान सहलीवर लावून पाहू आणि मग आपल्या कोकणच्या मोठ्या सहलीवर.

लहान धडा: पुलाउ उबीन

सिंगापूरच्या ईशान्येला पुलाउ उबीन नावाचे बेट आहे. मलय भाषेत 'पुलाउ' म्हणजे बेट, आणि 'उबीन' हा शब्द फरशीसाठीच्या जुन्या शब्दावरून आला असे सांगतात. बेट सुमारे दहा चौरस किलोमीटरचे आणि ग्रॅनाइटचे. एके काळी येथे दगडाच्या खाणी होत्या. शेवटची खाण १९९९ साली बंद झाली. येथला ग्रॅनाइट १८५१ साली पुऱ्या झालेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला. सिंगापूर आणि जोहोर यांना जोडणाऱ्या बांधालाही तो लागला. त्या बांधावरून १९२३ साली आगगाडी धावू लागली. ज्या बेटाने आगगाडीला वाट दिली, त्या बेटावर मात्र आगगाडी कधी गेली नाही. आपली मोटारही तेथे नेता येत नाही. तेथे जायचे ते नावेनेच.

म्हणून सरावाला हे बेट उत्तम. 'रेल्वे की मोटार' हा वाद येथे आपोआप मोडतो, कारण शेवटचा टप्पा दोघांच्याही हातात नाही.

न हलणाऱ्या गोष्टी पाहू. पहिली, नाव. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी मोटारनावा सुटतात. त्यांना वेळापत्रक नसते. बारा उतारू जमले की नाव सुटते. सध्या माणशी चार डॉलर भाडे आहे आणि ते रोख द्यायचे. पलीकडे पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. आपल्याकडे प्रार्थनेला मिन्यानचे दहा जण लागतात, येथे नावेला बारा लागतात, एवढाच फरक! थांबायचे नसेल तर बाराही जागांचे पैसे देऊन लगेच निघता येते. आपण आठ जण असलो तर चार जागांचे जादा भाडे, असा सोपा हिशेब.

दुसरी, समुद्र. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाची पाणथळ जागा आहे. समुद्राखालचे गवत, कांदळवन, वाळू आणि खडक हे सारे तेथे एकमेकांना लागून आहे. २००१ साली या जागेवर भराव पडणार होता, पण लोकांनी आणि निसर्गअभ्यासकांनी आग्रह धरला आणि भराव लांबणीवर पडला. आता तेथे पाण्यावरून एक किलोमीटरहून लांब पायवाट आहे. खेकडे आणि तारामासे पाहायचे तर ओहोटी हवी. ओहोटी आपल्या सोयीने येत नाही; ती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. म्हणून आधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहायचा आणि मग तारीख ठरवायची.

तिसरी, सूर्यास्त. अंधार पडल्यावर परतीची नाव मिळणे कठीण. चौथी, आपला शनिवार. शाब्बाथ पाळणाऱ्या घराला शनिवारी निघता येत नाही, म्हणजे उरतो रविवार किंवा सुट्टीचा दुसरा वार. रविवारी बेटावर गर्दी असते, पण बारा उतारू पटकन जमतात. आडवारी बेट शांत असते, पण धक्क्यावर वाट पाहावी लागते. यात चांगले-वाईट काही नाही. आपल्याला काय चालते एवढेच पाहायचे.

आता वाहन. शहरातून ताना मेरा स्टेशनापर्यंत मेट्रोने जायचे आणि तेथून २ नंबरची बस चांगी व्हिलेजपर्यंत. टँपिनीसहून गेल्यास २९ नंबरची बस. मोटार असली तर ती चांगी व्हिलेजला लावून ठेवायची आणि दिवसभराचे पार्किंगचे पैसे भरायचे, कारण पलीकडे तिचा काही उपयोग नाही. म्हणजे या टप्प्याला मेट्रो आणि बस बरी. मात्र आजी चाकाच्या खुर्चीत असतील तर घरापासून धक्क्यापर्यंत टॅक्सीच करावी. बेटावर उतरल्यावर चेक जावा तीनेक किलोमीटरवर आहे. मुलांनी भाड्याच्या सायकली घ्याव्यात, वडीलधाऱ्यांनी धक्क्याजवळची व्हॅन करावी आणि सगळ्यांनी चेक जावाच्या दाराशी भेटावे. पायवाटेवर सायकल नेता येत नाही. ती बाहेर लावायची.

बघा, एका दिवसात मेट्रो, बस, नाव, सायकल आणि व्हॅन अशी पाच वाहने झाली, आणि वाद एकही झाला नाही. प्रत्येक टप्प्याने आपले वाहन स्वतःच सांगितले.

एकाच नावाची दोन मंदिरे

सिंगापुरात वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेला सिनेगॉग आहे. तो बगदादी यहुद्यांनी उभारला आणि त्याचे नाव माघेन अबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल. हे नाव आपल्याला ओळखीचे वाटते ना? अलिबागला इस्राएल आळीत आपला जो सिनेगॉग आहे, त्याचेही नाव हेच. एक समुद्रापलीकडे, एक आपल्या आंगणात. उबीनला शिकलेला नियम आता त्या अलिबागकडे घेऊन जाऊ.

थांबे आडनावांतच लिहिले आहेत

कोकणात कोठे कोठे जायचे हे आपल्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे नवगावकर, थळचे थळकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर. आपल्या वाडवडिलांनी घाणे घातले, तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून त्यांना शनिवार तेली म्हटले गेले. ते ज्या गावी राहिले ते गाव त्यांनी आडनावात बांधून ठेवले. म्हणून घरातल्या सगळ्यांची आडनावे कागदावर लिहा: आईच्या माहेरचे, आजीच्या माहेरचे, मामीचे. तीच तुमची थांब्यांची यादी.

आता ही गावे नकाशावर मांडा. ती तीन गटांत पडतात.

पहिला गट समुद्रकाठचा: किहीम, नवगाव, थळ, झिराड, अलिबाग, चौल, रेवदंडा. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून लागले, सात जोडपी वाचली, अशी आपली परंपरा सांगते. तेथे जुने दफनस्थान आणि स्मारक आहे. या गटात कोठेही उतारूंची रेल्वे जात नाही. पेणहून थळकडे रूळ गेले आहेत, पण ते खताच्या कारखान्यासाठी, मालगाड्यांसाठी.

दुसरा गट आतला: पनवेल, पेण, रोहा-अष्टमी. येथे रेल्वे आहे.

तिसरा गट दक्षिणेचा: तळे, म्हसळे, मुरूड. तळे आणि म्हसळ्यासाठी कोकण रेल्वेची इंदापूर किंवा माणगाव ही स्टेशने जवळ पडतात, पण पुढे रस्त्यानेच जावे लागते. मुरूड तर समुद्रकाठीच आहे.

असे का झाले? बंदरे समुद्राकाठी होती, म्हणून जुनी गावे तेथे वाढली. रेल्वेला मात्र खाड्या टाळायच्या होत्या, म्हणून ती आतून, डोंगराच्या बाजूने गेली. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सुरू होते आणि सबंध मार्गावर ती १९९८ साली धावू लागली. तोवर आपली बहुतेक घरे मुंबईला आणि तेथून इस्राएलला निघून गेली होती. म्हणून 'गावी रेल्वेने जाऊ' असे ठरवले तर निम्मी गावे सुटतात आणि 'सगळे मोटारीने' म्हटले तर वडखळच्या नाक्यावर सुट्टीचा अर्धा दिवस जातो.

कोकणातल्या न हलणाऱ्या गोष्टी

शाब्बाथ: शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचलेच पाहिजे. शाब्बाथ अलिबागला काढायचा असेल तर मुक्काम इस्राएल आळीपासून चालत जाण्याजोगा घ्या. गावात आता थोडीच घरे उरली आहेत, म्हणून मिन्यानची माणसे आपल्या तुकडीतच आहेत का ते आधी मोजा.

किल्ली: सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. गावोगावचे सिनेगॉग रोज उघडे नसतात. किल्ली सांभाळणाऱ्याचे नाव आणि त्याची सवड आधी विचारून घ्या. दोन तासांचा प्रवास करून बंद दाराचा फोटो काढण्यात अर्थ नाही.

पाऊस: जून ते ऑगस्ट गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या नेहमीच्या लाँच बंद असतात. पावसाळ्यात जायचे तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारी नेणारी रो-रो बोट चालू आहे का ते पाहा, नाहीतर रस्त्याने जा.

ओहोटी: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. उबीनसारखाच तक्ता येथेही पाहा.

सगळ्यांत वडील माणूस: सहलीचा वेग तरुणांनी नाही, त्यांनी ठरवायचा. रेवदंड्याचे घर कोठे होते, विहीर कोणती, पणजीची कबर कोणत्या रांगेत, हे ज्यांना दाखवता येते त्यांचे गुडघे आता दुखतात. दफनस्थानातल्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठी कोरलेली आहे. ती वाचायला हा वर्ग आपल्याला शिकवतो, पण कोणता दगड आपला, हे फक्त तेच सांगू शकतात. म्हणून त्यांना दुपारी विश्रांती मिळेल आणि पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशीच आखणी करा. बाकी सगळे पुढच्या वर्षीही होईल.

टप्पे आणि वाहने

समजा आपण आठ जण आहोत: दोन आजी-आजोबा, चार मोठी माणसे आणि दोन मुले. मुंबईत शाब्बाथ करून रविवारी सुरुवात करायची आहे.

पहिला टप्पा मुंबईतच, आणि तो रेल्वेचा. मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनाजवळ शार हाराहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हा आपला मुंबईतला सर्वांत जुना सिनेगॉग आहे. तो सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधवला. आपले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. स्टेशनाचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. त्या अरुंद गल्ल्यांत मोटार नेणे म्हणजे डोकेदुखी. लोकलने या, चालत जा. रविवारी सकाळी गर्दी कमी असते, तरी वडीलधाऱ्यांना जिना हळू चढू द्या.

दुसरा टप्पा समुद्राचा. गेटवेहून लाँचने मांडव्याला सुमारे तासाभरात पोहोचता येते. लाँच चालवणाऱ्या कंपन्या त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बसही देतात. पण आपल्याला वाटेत उतरायचे आहे. मांडवा ते अलिबाग हे सुमारे वीस किलोमीटर आणि किहीम, नवगाव, थळ, झिराड सारी याच पट्ट्यात. म्हणून बसचा मोह सोडा आणि मांडव्यालाच भाड्याची मोटार बोलावून ठेवा. आठ माणसे आणि सामान एका लहान मोटारीत बसत नाही, मोठी सांगा.

तिसरा टप्पा मोटारीचा. मांडव्याहून किहीम, नवगाव, मग अलिबागला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी चौल आणि रेवदंडा. रेवदंड्याचा बेथ एल सिनेगॉग पाहून दुपारी परत. येथे मोटारीला पर्याय नाही, कारण थांबे लहान आहेत आणि एस.टी.ची वाट पाहण्यात वडीलधारी थकतात. तरुणांनी एखादा टप्पा एस.टी.ने जरूर करावा. बोली कानावर पडते.

चौथा टप्पा परतीचा. तिसऱ्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावी जा. तेथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकांची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे अशी आपली श्रद्धा. लोक तेथे नवस फेडायला आणि मलिदा करायला येतात. पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा सोबत घ्या. ऐन वेळी गावात सगळे मिळेलच असे नाही. तेथून पोयनाड, वडखळ करत पेण. पेणला मोटार सोडून द्या.

पाचवा टप्पा पुन्हा रेल्वेचा. पेणहून पनवेलला दिवा-रोहा मार्गावरची गाडी मिळते. पण ही मुंबईची लोकल नव्हे. दिवसातून मोजक्याच गाड्या असतात आणि एक चुकली तर पुढचीला तास-तास जातात. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या पेणला थांबत नाहीत. म्हणून या गाडीची वेळ आधी पाहा आणि खंडाळ्याहून निघण्याची वेळ तिच्यावरून मागे मोजत या. पनवेलला १८४९चा बेथ एल सिनेगॉग आहे. तो पाहून हार्बर मार्गाच्या लोकलने थेट मशीद स्टेशनाला पोहोचा.

कोणी म्हणेल, अटल सेतूवरून मोटारीने सरळ का नाही? १२ जानेवारी २०२४ला सुरू झालेला हा पूल सुमारे बावीस किलोमीटरचा आहे आणि शिवडीहून समुद्रापलीकडे थोड्या वेळात नेतो. आजोबांना जागेवरून हलवणे कठीण असेल, सोबत औषधे आणि खुर्ची असेल, तर दारापासून दारापर्यंत मोटारच योग्य. तेव्हा संकोच करू नका. फक्त शनिवारी सकाळी मुंबईबाहेर आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे, अशी गर्दीची वेळ टाळा.

निवडताना विचारायचे प्रश्न

प्रत्येक टप्प्याला हे पाच प्रश्न विचारा.

१. शेवटच्या दारापर्यंत काय पोहोचते? रेल्वे स्टेशनापर्यंत जाते, कबरीपर्यंत नाही.

२. चुकले तर किती वेळ जातो? लोकल चुकली तर थोडी मिनिटे, पेणची गाडी चुकली तर अर्धा दिवस.

३. वाटेत थांबायचे आहे का? असेल तर मोटार, नसेल तर रेल्वे.

४. कोण थकणार? चालवणाराही थकतो. रेल्वेत सगळेच खिडकीशी बसतात. मोटारीत एकाची सुट्टी रस्ता पाहण्यात जाते.

५. जेवण कोठे? कोकणातल्या खानावळीत कोळंबी आणि खेकडे असतात, ते आपल्याला चालत नाहीत. खवल्याचे मासे, जसे पापलेट, किंवा शाकाहारी ताट मागा. सोलकढीत नारळाचे दूध असते, म्हणून मांसाच्या जेवणाबरोबर ती आपल्याकडे पूर्वीपासून चालते. उबीनच्या खानावळीतही हेच लक्षात ठेवा, किंवा डबा न्या.

नवे शब्द

धक्का: नावा, बोटी लागतात ती जागा.
ओहोटी: समुद्राचे पाणी मागे सरते ती वेळ. उलट शब्द: भरती.
आडवार: सुट्टी किंवा सण नसलेला साधा वार.
नाका: रस्ते मिळतात ती जागा, जसे वडखळ नाका.
घाणा: तेल गाळण्याचे जुने यंत्र.

घरी करून पाहा

मुलांनी: घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या गावाचे नाव विचारा आणि गावाला जाताना ते पूर्वी कोणत्या वाहनाने जात ते लिहून घ्या. कोणी मचव्याचे नाव घेईल, कोणी बैलगाडीचे. ते शब्द त्यांनी उच्चारले तसेच लिहा.

वडीलधाऱ्यांनी: गावाचा एक साधा नकाशा हाताने काढा. सिनेगॉग, विहीर, आपले घर, दफनस्थान, एवढे पुरे. अंतर चुकले तरी चालेल, दिशा बरोबर असू द्या.

दोघांनी मिळून: वर दिलेल्या सहलीत तुमच्या आडनावाचे गाव कोठे बसते ते शोधा. ते रोह्याकडे असेल तर क्रम बदलावा लागेल. तळ्याकडे असेल तर एक मुक्काम वाढेल. न हलणाऱ्या गोष्टी, थांबे आणि वाहने असे तीन रकाने आखून तक्ता करा. पुढच्या वर्गाला तो तक्ता आणि नकाशा दोन्ही घेऊन या.